पिरिडीनचं वलय: दुर्गंधातलं आणि जीवनसत्त्वातलंही

‘ॲरोमॅटिक’ हा शब्द ऐकला की पहिल्यांदा अत्तर आठवतं. पिरिडीन हे अस्सल ॲरोमॅटिक संयुग आहे आणि त्याला सडक्या मासळीसारखा उग्र वास येतो. बाटलीचं झाकण क्षणभर उघडं राहिलं तरी प्रयोगशाळाभर कळतं. एकोणिसाव्या शतकात कडू बदाम, दालचिनी यांच्या तेलांतून मिळालेल्या सुवासिक पदार्थांमुळे ‘ॲरोमॅटिक’ हे नाव रूढ झालं आणि पुढे अर्थ बदलला तरी तेच टिकलं. आज त्याचा वासाशी संबंध नाही. सपाट वलय आणि त्यातल्या सर्व अणूंमध्ये विखुरलेले सहा इलेक्ट्रॉन यांमुळे रेणूला जे विलक्षण स्थैर्य येतं, त्याचं हे नाव आहे.

दुसरा गैरसमज विद्यार्थ्यांत जास्त दिसतो: पिरिडीन म्हणजे बेंझिनच, फक्त एका कार्बनाच्या जागी नायट्रोजन. आकृती तशीच दिसते खरी, पण त्या ‘फक्त’मध्ये बराच फरक दडला आहे. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. पिरिडीनमध्ये ती वलयाच्या सहा इलेक्ट्रॉनांत सामील होत नाही, बाहेरच्या बाजूला मोकळी राहते. म्हणून पिरिडीन आम्लाला ती जोडी देऊ शकतं, म्हणजेच आम्लारी ठरतं. पाण्याच्या रेणूंशीही त्याचे हायड्रोजन बंध जुळतात. बेंझिन पाण्यावर तरंगतं, पिरिडीन कितीही घाला, पूर्ण मिसळतं. पाच अणूंच्या वलयाच्या पायरोलमध्ये हीच जोडी वलयाच्या कामाला जुंपलेली असते, त्यामुळे नायट्रोजन असूनही पायरोल जवळपास आम्लारी नाहीच. तेव्हा ‘नायट्रोजन आहे म्हणजे आम्लारी’ हेही सरसकट खरं नाही. जोडी कुठे आहे ते आधी पाहावं लागतं.

शिवाय नायट्रोजन वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. बेंझिनचं नायट्रेशन, म्हणजे वलयाला नायट्रो गट जोडणं, पन्नास-साठ अंश सेल्सिअसला सहज होतं. वलयात इलेक्ट्रॉन कमी पडत असल्यामुळे पिरिडीनला तीनशेच्या आसपास तापवावं लागतं, तरी हाती थोडंच लागतं.

1849च्या सुमारास स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन यांना हे द्रव्य सापडलं ते हाडं तापवून काढलेल्या दुर्गंधी तेलात. नाव ग्रीकमधल्या ‘अग्नी’वरून पडलं. अशा उगमामुळे हे वलय म्हणजे निव्वळ कारखान्यातलं विष, अशी समजूत होते. शुद्ध पिरिडीन घातक आहेच, ते हुंगू नये. पण तेच वलय नायसिन या जीवनसत्त्वात आहे आणि ब6मध्येही. भुईमुगाच्या शेंगांतून नायसिन आपण नेहमी खातो. वलयाला काय जोडलं आहे, यावर सगळं ठरतं.

निकोटिन आणि निकोटिनिक आम्ल (म्हणजेच नायसिन) यांची गल्लतही इथूनच होते. दोघांत पिरिडीनचं वलय आहे, आणि निकोटिनचं ऑक्सिडीकरण करून हे आम्ल मिळालं म्हणून नावं जुळतात. पण शरीर निकोटिनपासून हे जीवनसत्त्व बनवत नाही. यकृतात निकोटिनचं मुख्यतः कोटिनीन होतं.  नायसिनच्या अभावी पेलाग्रा हा आजार होतो. तंबाखूशी गोंधळ होऊ नये म्हणून अमेरिकेत 1940च्या दशकात ‘नायसिन’ हे नाव मुद्दाम रुजवलं गेलं.

क्षयावरच्या आयसोनियाझिडमध्येही हेच वलय आहे. 1912 साली तयार झालेल्या या रेणूचा क्षयाविरुद्धचा गुण 1950च्या दशकाच्या सुरुवातीला उमगला. हे औषध शरीरातल्या ब6शी बांधलं जातं आणि त्याचा साठा कमी होतो. मग हातापायांना मुंग्या येऊ शकतात. क्षयाच्या औषधांसोबत डॉक्टरांनी ब6ची गोळी दिली असेल, तर ताकदीची गोळी समजून ती मध्येच सोडू नका.