पाठ केलेला शब्द उद्या का आठवत नाही?

वलवणला राहणाऱ्याने फ्रेंचच्या वर्गासाठी पुणे गाठायचे म्हणजे लोणावळ्याहून लोकलचा सुमारे दीड तासाचा प्रवास. त्यापेक्षा घरीच पुस्तक उघडून बसणे बरे वाटते. पण पन्नाशी उलटलेल्या अशा विद्यार्थ्याला लवकरच एक धास्ती पडते. काल वीस शब्द पाठ केले, आज सहाच आठवतात. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही?

बहुतेक वेळा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच निसटते, असे त्याला दिसले. तेव्हा तो अवघ्या पस्तिशीचा होता.

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली तेव्हा ते जवळजवळ ५२ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. तरीही मंडालेच्या तुरुंगात पुस्तकांच्या आधारे त्यांनी जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला.

मग चुकते कुठे? आपण यादी पुन्हा पुन्हा वाचतो. शब्द ओळखीचा वाटतो, पण तो आठवून काढण्याचा सराव होत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेल्या प्रयोगात, नुसते पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिले. म्हणून पान झाकून शब्द आठवा. उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा आठवा. रात्रीची झोप मात्र मोडू नका. शिकलेले पक्के व्हायला ती लागते.

व्याकरणात मराठी माणसाला थोडी सवलत आहे. खुर्ची ‘ती’ का, याचे कारण आपण कधी विचारले नाही. फ्रेंचमध्येही विचारू नये. ‘ल लीव्र’ म्हणजे पुस्तक, ‘ला ताब्ल’ म्हणजे टेबल. नाम लिंगासकटच पाठ करावे. ‘तो गेला, ती गेली’ हा फरक फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये दिसतो, पण उच्चारात ऐकू येत नाही. म्हणून नुसते ऐकून भागत नाही, हाताने लिहावे लागते.

नवा शब्द विसरणे हा आजार नव्हे. मात्र रोजची वाट चुकू लागली, नेहमीचा हिशेब जमेना किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही असे होते आणि त्यावर उपचार आहेत.