पेठ नसलेली हुंडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, राजूरच्या गणपतीला तुमच्यापैकी पुष्कळजण येऊन गेले असतील. जालन्याहून भोकरदनकडे जाताना पंचवीसेक किलोमीटरवर टेकडीवर देऊळ आहे. अंगारकीला पायी येणाऱ्यांनी रस्ता भरून जातो. त्या गर्दीतही नारळवाला आता सुट्ट्या पैशांसाठी अडून बसत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटी पुढे करतो, आपण मोबाइल धरायचा, की झालं. मी त्याच गावचा. पैसे देण्या-घेण्याच्या बाबतीत आता नवं काही शिकायचं उरलं नाही, असं मला वाटत होतं. मग मला एक शब्दकोश हवा झाला.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. पुण्यात निघालेलं पुनर्मुद्रण माझ्याकडे आहे. इंटरनेटवर तो फुकट पाहता येतो हेही मला ठाऊक आहे. पण 1857 च्या छपाईची प्रत एकदा आपल्या मांडीवर असावी, ही जुनी हौस. हौसेला फुकटचं पटत नाही. नेदरलँड्समधल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे एक प्रत निघाली. पुठ्ठा सुटलेला, पानं शाबूत, किंमत आपल्याकडचे तेरा हजार रुपये. त्यानं कळवलं, पैसे बँकेतून पाठवा, नाहीतर डॉलरशी बांधलेल्या आभासी नाण्यात पाठवा. बँकेतून पाठवलेत तर मधल्या बँकांची कापणी तुमच्या माथी.

पुण्याला असलेला माझा भाचा म्हणाला, ‘‘मामू, नाण्यातच पाठवू. दहा मिनिटांचं काम आहे.’’ त्या दहा मिनिटांना तीन आठवडे लागले. त्याचीच ही हकिगत.

आधी हे नाणं म्हणजे काय ते सांगतो. ते खिशात वाजत नाही, कारण ते नाणं नाहीच; ती एका वहीतली नोंद आहे. समजा गावात एकच वही आहे आणि तिच्या नकला प्रत्येक घरी आहेत. मी तुम्हाला शंभर दिले की ते सगळ्या नकलांत चढतं. एका घरी कुणी खाडाखोड केली तर बाकीची घरं ती मान्य करत नाहीत. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाची मोहोर उमटलेली असते, त्यामुळे मधलंच पान बदलायचं म्हटलं तर पुढची सगळी पानं बिघडतात. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कुणीतरी ऑक्टोबर 2008 मध्ये ही कल्पना मांडली आणि जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइनची वही सुरू झाली. तिचं एक पान साधारण दहा मिनिटांत भरतं. 22 मे 2010 रोजी अमेरिकेत एका माणसानं दोन पिझ्झांसाठी 10 हजार बिटकॉइन मोजले. तेव्हा ती किंमत चाळीसेक डॉलर होती. आज त्या नाण्यांचा हिशेब केला तर पिझ्झा घशाखाली उतरायचा नाही. भाव असा वरखाली होतो म्हणूनच माझ्या विक्रेत्याला बिटकॉइन नको होतं, डॉलरशी बांधलेलं नाणं हवं होतं. त्याची वही निराळी, पण रीत तीच.

या रीतीत मधे कुणी नाही. ना बँक, ना पोस्टमन, ना सावकार. हे ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. मग जालन्याची आठवण आली.

‘जालना सोने का पालना’ असं आमच्याकडे म्हणतात. निजामाच्या राज्यातली ही जुनी बाजारपेठ. अशा पेठांतला व्यापारी लांबच्या गावी रोकड घेऊन फिरत नसे. सावकाराकडून हुंडी लिहून घ्यायची आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवायची. दाखवताक्षणी पैसे मिळाले तर ती दर्शनी, काही दिवसांनी मिळणार असतील तर मुदती. ओळखीच्या, पतवाल्या व्यापाऱ्यालाच पैसे मिळतील अशी ती शाहजोग. म्हणजे चोरानं पळवली तरी त्याला ती वटवता येत नसे. वाटेत हुंडी हरवली तर सावकार दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की उरलेल्या कागदाला खोका म्हणत. हल्ली खोक्याचा अर्थ वेगळा झाला आहे, तो विषय सोडा.

पण मला सगळ्यांत आवडते ती जोखमी हुंडी. माल गलबतातून येणार असला की ही लिहीत. माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, गलबत बुडालं तर नाही. समुद्रापलीकडून माल मागवणाऱ्याची सारी भीती त्या जुन्या माणसांनी एका कागदात बांधून टाकली होती.

माझ्या नव्या हुंडीला ना पेठ, ना परपेठ. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत बोलावणारं कुणी नाही. पुस्तक आलंच नाही तर तक्रार कुणाकडे? वहीला आपण विचारलं तर वही एवढंच सांगेल, की पैसे पोचले. नरसी मेहतांनी द्वारकेच्या शामळशेठवर लिहिलेली हुंडी देवानं स्वतः येऊन वटवली, अशी कथा आहे. इथे शामळशेठच नाही.

तरी मी पुढे गेलो. भाच्यानं एका भारतीय बाजारमंचावर माझं खातं उघडलं. त्यासाठी पॅन, आधार, चेहऱ्याचा फोटो, सगळं लागलं. तिथे रुपये देऊन नाणी घेतली. मग मोबाइलमध्ये एक बटवा उघडला. बटव्यानं मला बारा इंग्रजी शब्द दिले. बटव्याची खरी किल्ली तीच. मोबाइल हरवला तर याच शब्दांनी बटवा पुन्हा उघडतो. शब्द दुसऱ्या कुणाला कळले तर तोही उघडतो. हे शब्द 2048 शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात. जपानी, कोरियन, फ्रेंच, झेक भाषांतल्याही अशा याद्या आहेत. मराठीची त्यात नाही. आयुष्यभर शब्द जपून वापरणाऱ्या माणसाला इथे तरी आपल्या भाषेत बारा शब्द मिळायला हवे होते, एवढी तक्रार नोंदवून ठेवतो.

विक्रेत्याचा पत्ता म्हणजे 42 अक्षरांची माळ. सुरुवातीला शून्य आणि एक्स, पुढे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं सरमिसळ. भाचा म्हणाला, आधी पाचशे रुपयांएवढं पाठवू, पोचलं की बाकीचं. हा त्याचा सल्ला लाखमोलाचा. पाचशे गेले, पाठवणावळ वेगळ्या नाण्यात द्यावी लागली, पण विक्रेत्याचं ‘मिळाले’ असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली रक्कम पाठवायला मी एकटाच बसलो. व्यवहारांच्या यादीतून कालचा पत्ता उचलला. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून बघ, असं भाच्यानं शिकवलं होतं. ती जुळली. पण मुद्रितं तपासायची माझी जुनी खोड. विक्रेत्याचं पत्र शेजारी ठेवून मी आख्खा पत्ता मोठ्यानं वाचायला लागलो. नवव्या अक्षराला अडखळलो. सात हवा तिथे चार. पुढचं तर सगळंच निराळं.

ही चोरांची युक्ती आहे. वही सगळ्यांना उघडी, त्यामुळे मी कुणाला पैसे पाठवले ते त्यांच्या यंत्राला दिसतं. सुरुवात आणि शेवट तसाच असलेला दुसरा पत्ता ते बनवतं आणि त्या पत्त्याचा शून्याचा किंवा चिल्लरचा व्यवहार आपल्या यादीत टाकतं. आपण घाईत यादीतूनच पत्ता उचलणार, यावर चोराचा सगळा धंदा. अंगठा अर्ध्या इंचावर होता, मंडळी. साडेबारा हजार गेले असते आणि वहीत ती नोंद कायमची, अगदी बिनचूक राहिली असती.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी जालन्याला एका ओळखीच्या सनदी लेखापालाकडे गेलो. त्यानं पहिलाच प्रश्न केला, ‘‘चाचा, माल बाहेरून येतोय तर पैसे बँकेतून का नाही?’’ परदेशी मालाची किंमत अधिकृत बँकेमार्फत जावी ही परकीय चलन कायद्याची रीत, आणि माझी वाट तिच्यात बसत नाही, असं त्यानं समजावलं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. पण म्हणून हे नाणं रुपयासारखं चलन झालेलं नाही. 2022 पासून त्यावरच्या नफ्याला 30 टक्के कर आहे, ठरावीक मर्यादेपुढच्या हस्तांतरणावर 1 टक्का कापला जातो, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. नाणं देऊन वस्तू घेतली तरी ते हस्तांतरणच.

त्यानं मला पुण्यातल्या ‘गेनबिटकॉइन’ची आठवण दिली. दरमहा 10 टक्के, 18 महिने, असं आमिष होतं. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. त्यात बिटकॉइनची वही कुणी खोटी केली नव्हती. लोकांनी भरवसा वहीवर ठेवलाच नव्हता, माणसावर ठेवला होता.

मी बँकेत गेलो. दोन अर्ज, तीन सह्या, पुस्तकाचं बिल, आणि कापणी खरोखर माझ्याच माथी. विक्रेत्यानं आधीचे पाचशे किमतीतून वजा केले. पाच आठवड्यांनी टपालानं खोकं आलं. पुठ्ठा सांगितल्याप्रमाणे सुटलेला होता, कागदाला जुन्या गोदामासारखा वास होता. मी सगळ्यांत आधी ‘ह’ काढला.

साडेबारा हजारांची नाणी अजून बटव्यात पडून आहेत. विकून टाका, असं भाचा दर रविवारी सांगतो. बारा शब्दांचा कागद घरात आहे. कुठे, ते रेडिओवर सांगणार नाही, पण घरातही ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. उद्या माझं काही झालं तर ती रक्कम कुणालाच काढता यायची नाही. या आठवड्यात बायकोला जवळ बसवून सांगायचं ठरवलं आहे. ती आधी विचारेल, घरात एक कोश असताना तेरा हजारांचा दुसरा कशाला आणला.