कोणत्या प्रश्नाला कोणता फासा?

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातली प्रमाणं पाहिली. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं की हे सगळं वापरायचं कुठे. आज ते आपण एका खेळात वापरून पाहू. खेळ आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ अमेरिकेत 1974 साली बाजारात आला. आमच्याकडे रविवारी चार तरुण मंडळी तो खेळायला बसतात आणि खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, आम्हालाच व्हावं लागतं.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगू. खेळाडू म्हणतो, 'माझं पात्र अमुक करतं.' ते जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, पडलेल्या आकड्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचते का ते बघायचं. याला स्किल चेक म्हणतात. 2014 च्या आवृत्तीत बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, समज आणि छाप असे सहा मूळ गुण आहेत आणि कौशल्यं अठरा. फासा कोणीही टाकेल हो. अडचण असते ती अठरांपैकी कोणतं कौशल्य मागायचं याची.

आपल्या पिंप्राळ्याचंच घ्या. आषाढी एकादशीला रथ निघतो. ओढणारे पुष्कळ, पण चाकाखाली लाकडाची मोगरी लावून रथ थांबवणारे आणि वळवणारे मोजकेच. आम्ही असाच एक रथ खेळात आणला. उतारावर तो सुटला आणि एक खेळाडू म्हणाला, 'मी मोगरी लावतो.' आता चेक कशाचा? एक म्हणे बळाचा, दुसरा म्हणे चपळाईचा. तिसऱ्याचं म्हणणं, ही तर जाणकाराची नजर आहे, समज लागते.

तिघांचंही बरोबर होतं, म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. हुकलं तर नेमकं काय होईल? हात चाकाखाली सापडेल ही भीती असेल तर चपळाई. मोगरी वेळेवर बसली, पण तिरपी बसली आणि रथ कोणाच्या ओट्यावर चढला, तर चूक अंदाजाची आहे, तिथे समज. आणि मोगरी धरून ठेवता आली नाही, तर बळ. एकच कृती, पण फसण्याच्या वाटा तीन. जी वाट त्या क्षणी खरी धोक्याची, तिचा फासा मागायचा. कृतीच्या नावावरून चेक ठरवायला गेलं की वाद संपत नाही.

दुसरा नेहमीचा घोळ पर्सेप्शन आणि इन्व्हेस्टिगेशनचा. इथे नैयायिक मदतीला येतात. डोंगरावर धूर दिसला हे प्रत्यक्ष. धुरावरून तिथे अग्नी आहे असं ठरवलं हे अनुमान. धूर दिसतो का, यासाठी पर्सेप्शन. दिसलेल्या धुरावरून काय निघतं, यासाठी इन्व्हेस्टिगेशन. आणि या डोंगरावर पूर्वी कोण राहत होतं हे ऐकून-वाचून माहीत असेल तर ते शब्दप्रमाण, तिथे हिस्टरी. धूर तर सगळ्यांनाच दिसतोय, आणि तरी डीएम पर्सेप्शन मागतो, हे आम्ही स्वतः कितीदा केलंय!

फासा मुळात टाकायचाच कधी? वनपर्वातला नल आठवा. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं एका नजरेत मोजून सांगतो. (बेहडा आपल्या सातपुड्यात आहे, आणि वेदकाळी फासे याच फळांचे असत.) नलाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवून, झाड पाडून मोजतो. धावत्या रथातून मोजणं, तिथे फासा हवाच. थांबून मोजायला कसला फासा? वेळ असेल तर ते होणारच. मात्र विदर्भाला पोचायची घाई होती, म्हणजे थांबण्याची किंमत वेळेत मोजावी लागणार. ती सांगून टाकावी आणि पुढे जावं.

थोडं गणितही बघू. ठरलेला आकडा 15 आणि कौशल्य शून्य, तर यशाची शक्यता 30 टक्के. पण चौघांनी एकेकदा फासा टाकला तर कोणा एकाला तरी जमण्याची शक्यता 76 टक्के होते. मग अवघड असं काही उरतच नाही. म्हणून एकाने टाकावा, दुसऱ्याने मदत करावी. मदत असली की दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात, म्हणजे 51 टक्के. उलट 70 टक्क्यांच्या कामाला सलग तीन चेक मागितले तर यश 34 टक्क्यांवर येतं. रथाला तीन वळणं आहेत म्हणून तीन फासे मागणारा डीएम नकळत रथ पाडत असतो.

आमची एक चूक सांगायची राहिली. आमच्यात एक मुलगी आहे, अबोल. तिचं पात्र लोहारीण, बळ भरपूर, छाप जेमतेम. पहारेकऱ्याला धमकवायची वेळ आली की आम्ही पुस्तकाप्रमाणे छापेचा फासा मागायचो आणि ती हरायची. वर आम्ही म्हणायचो, 'काय बोलतेस ते बोलून दाखव.' तलवार चालवणाऱ्याला आम्ही कधी तलवार चालवून दाखवायला सांगितलं नव्हतं! हळूहळू तिने काही करायचंच सोडलं. दोन रविवार आलीच नाही. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की चुकीचा चेक मागून आपण एका खेळाडूला पटावरून उठवलं.

खरं तर त्याच पुस्तकात पर्यायी नियम आहे. धमकावण्याचं कौशल्य बळालाही जोडता येतं. तिला बोलावून आणलं, आणि वेशीवर ती म्हणाली, 'मी काही बोलत नाही. त्याच्या हातातली सळई घेते आणि वाकवते.' आम्ही बळाचा फासा मागितला. पडले 2. सळई वाकली नाही, पहारेकऱ्याने आरडाओरडा केला. सध्या चौघं कोठडीत आहेत, आणि दार तोडायचं की कुलूप उघडायचं यावर तीच सगळ्यांशी भांडतेय.