मडक्याचे दार

मनुष्याच्या घरात बिऱ्हाड करणाऱ्या पक्ष्यांत चिमणीचा मान पहिला. परंतु सुगरणीसारखी घरटे विणण्याची कला चिमणीपाशी नाही. तयार पोकळी शोधावयाची आणि तीत गवत, पिसे, चिंध्या भरून संसार थाटावयाचा, ही तिची नेहमीची रीत. कौलारू घराची वळचण, तुळईवरची सापट, भिंतीवरच्या तसबिरीमागची जागा या गोष्टी कोणी तिला मुद्दाम दिल्या नव्हत्या. जुन्या बांधकामात त्या आपोआप राहून जात. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आल्या आणि अशा जागा बुजल्या. गवंड्याने बुजविलेली पोकळी कुंभाराला परत देता येईल काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

पक्ष्यांसाठी मडकी घडविण्याची कल्पना मात्र नवी नाही. सोळाव्या शतकात हॉलंड व फ्लँडर्स या प्रदेशांतील कुंभार साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यासाठी खास मडकी करीत. ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या चित्रांत ती घरांच्या भिंतींवर टांगलेली दिसतात. पक्ष्यासाठी तोंड बाहेरच्या बाजूस, आणि भिंतीकडच्या बाजूस माणसाचा हात जाईल एवढे दुसरे भोक. पिल्ले अंगाने भरली, की घरधनी मडके उतरवी, मागून हात घाली आणि पिल्ले थेट स्वयंपाकघरात नेई! पाहुण्याला घर मिळे खरे, पण ते यजमानाच्या जेवणासाठी.

यातून एक बोध घेण्यासारखा आहे. मडके कोणाच्या हिताचे, हे त्याच्या भोकांवरून ठरते. चिमणीसाठी दार सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे असावे. ते फार मोठे झाले, तर साळुंकी आत शिरून घर बळकावते. येथे कुंभाराच्या अनुभवाची कसोटी लागते. ओली माती सुकताना आणि भाजताना साधारणपणे एक-दशांश आक्रसते. म्हणून ३२ मिलिमीटरचे दार हवे असेल, तर कच्च्या मडक्यात ते ३५-३६ मिलिमीटरचे कापावे लागते. प्रत्येक गावची माती निराळी, म्हणून आधी एक मडके भाजून पाहणे बरे. आतून चकाकी देऊ नये. खडबडीत बाजूवर पिल्लांची नखे ठरतात. दार तळापासून पुरेसे उंच असावे, म्हणजे मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचत नाही. तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवावी. दारापुढे बसण्यासाठी काडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याची मात्र सोय होते. मागे किंवा वर झाकण हवेच, परंतु ते वीण संपल्यानंतर जुने गवत काढण्यापुरते. हॉलंडच्या मडक्याचे मागचे दार आपणही ठेवतो. उघडण्याची वेळ तेवढी बदलतो.

मातीविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. माठ थंड असतो, म्हणून मातीचे घरटेही थंड राहील, असे अनेकांना वाटते. माठ थंड राहतो तो पाझरलेले पाणी बाहेरून सुकत असते म्हणून. कोरड्या मडक्यात हे घडत नाही. वैशाखाच्या उन्हात टांगलेले कोरडे मडके म्हणजे पिल्लांची भट्टीच. तेव्हा जाड भिंतीचे मडके घेऊन उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, छपराच्या आडोशाला, आठ-दहा फूट उंचीवर लावावे. चिमण्यांना शेजार आवडतो. एकापेक्षा दोन-तीन मडकी जवळजवळ असलेली चांगली.

दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. तो २०१० साली सुरू झाला, आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा व त्यांच्या 'नेचर फॉरएव्हर सोसायटी'चा पुढाकार होता, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. त्या निमित्ताने मडकी वाटली जातात हे चांगलेच. परंतु मडके टांगून काम संपत नाही. मोठी चिमणी दाण्यावर जगली, तरी तिच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे-अळ्या लागतात. अंगणात झुडूप नाही, मातीत विषारी फवारे आहेत, अशा ठिकाणी मडके म्हणजे चुलीवाचून घर.

ब्रिटनमध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. तेथील स्विफ्ट, म्हणजे आपल्या पाकोळीचा सोयरा, जुन्या इमारतींच्या फटींत घरटे करतो. त्याची संख्या इतकी घटली, की २०२१ साली त्याचे नाव चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. तेथे त्याच्यासाठी पोकळ विटा करतात आणि बांधकाम चालू असतानाच त्या भिंतीत बसवतात. टांगलेले मडके घर रंगविताना उतरते आणि पुष्कळदा पुन्हा चढत नाही. भिंतीतली वीट इमारतीएवढीच टिकते. आपल्या गावी नव्या इमारती उठत आहेत. नकाशावर जिना, मोरी, गच्ची यांची मापे लिहिताना ३२ मिलिमीटरचे एक मापही लिहिण्यास वास्तुशिल्पज्ञाला सांगावे. खर्च एका विटेचा आहे.