शनिवार सकाळ, इराण्याकडे

मुंबईत मोकळा शनिवार मिळाला की मी ग्रँट रोड स्टेशनला उतरतो. समोरच बी. मेरवान हे इराणी हॉटेल, 1914 पासूनचं. इथला मावा केक सकाळी लवकर गाठायचा. उशीर केला तर रिकामे ट्रे बघावे लागतात. वेलचीचा वास आणि बोटांना लागणारं तूपकट ओलेपण, एवढ्यासाठी पहाटे उठणं मला पटतं.

तिथून धोबीतलाव. मेट्रो सिनेमासमोर कयानी, 1904 सालचं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या. ब्रून मस्का मागवा. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव, आत मऊ. तो नुसता चावू नका. गोड, दाट चहात बुडवा आणि लोणी वितळू लागलं की लगेच तोंडात टाका. पाणी कम चहा मागितलात तर आणखी कडक, दुधाळ मिळेल.

ही हॉटेलं चालवणारी बरीच कुटुंबं इराणच्या यझ्द भागातून आलेली, झोरोस्ट्रियन. बेकरी आणि चहा एकाच छपराखाली, म्हणून पाव ताजा.

पोटात जागा असेल तर जवळच ससानियन आहे, 1913 चं. सुटे पैसे ठेवा.