वरकड उपचार : घ्यावे कीं न घ्यावे?



अपत्यासाठीं आयव्हीएफचा मार्ग पत्करणाऱ्या दांपत्यांशीं आज थोडें हितगुज करावयाचें आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर मुलांना गणित शिकविणारा मास्तर. परंतु गेल्या महिन्यांत धरमपेठेंतील आमच्या घरीं एक जुना विद्यार्थी पत्नीसह आला आणि खर्चाचा कागद पुढें ठेवून म्हणाला, "गुरुजी, दोन वेळां अपयश आलें. आतां तिसऱ्या खेपेस ह्या चार गोष्टी जास्तीच्या सुचविल्या आहेत. हिच्या बांगड्या मोडाव्या लागतील. काय करावें?"

मूळ उपचार आपणांस ठाऊक आहे. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग शरीराबाहेर घडवून भ्रूण गर्भाशयांत ठेवावयाचा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९८६ सालीं ह्याच मार्गानें एक कन्या जन्मास आली. पुढें ह्या मूळ उपचारास अनेक वरकड उपचार येऊन चिकटले : भ्रूणाच्या कवचास छिद्र पाडणें, वाढत्या भ्रूणाचीं सतत छायाचित्रें घेणें, गर्भाशयाच्या अस्तरास हलका ओरखडा काढणें, इत्यादि. प्रत्येकाचें शुल्क निराळें.

ह्या ओरखड्याचीच कथा पाहा. त्यानें लाभ होतो, असें २००३ सालीं इस्रायलमधील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें आणि देशोदेशीं तो रूढ झाला. पुढें २०१९ सालीं एका मोठ्या परीक्षेचा निकाल आला. १३६४ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्या तशी, दोन गटांत विभागणी केली होती. एका गटास ओरखडा दिला, दुसऱ्यास नाहीं. मूल जन्मण्याचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा २६.१ च भरलें!

मग इतके दिवस लोकांचा विश्वास बसला कसा? उत्तर सोपें आहे. ओरखडा घेतलेल्या शंभर घरांपैकीं सव्वीस घरीं पाळणा हलला, तर तीं सव्वीस घरें ओरखड्यालाच दुवा देणार. त्यावांचूनही तितकेच पाळणे हलले असते, हें दुसरा गट पाहिल्याखेरीज कळावें कसें?

आंकडा ऐकतांनाही सावध असावें. शंभरांत वीसांऐवजीं पंचवीस जणांस यश आलें, तर "यश पंचवीस टक्क्यांनीं वाढलें" असेंही म्हणतां येतें आणि "शंभरांत पांच अधिक" असेंही. दोन्ही खरें, पण पहिलें कानाला गोड लागतें.

ह्याचा अर्थ प्रत्येक वरकड उपचार निरर्थक असतो असा नव्हे. एकच शुक्राणू सुईनें स्त्रीबीजांत सोडण्याची क्रिया पुरुषबीजांत दोष असल्यास अत्यंत उपयोगी ठरते. दोष नसल्यास मात्र तिनें अपत्यप्राप्ति वाढते असें दिसलेलें नाहीं. म्हणून विचारावें तें असें : आमच्याच प्रकृतीला हा उपचार कां? आमच्यासारख्या स्त्रियांत ह्यामुळें गर्भच नव्हे, तर जिवंत मुलें अधिक जन्मलीं काय, आणि शंभरांत किती? अपाय कोणता? खर्च किती? न घेतल्यास काय होईल?

हें विचारण्यांत अविनय नाहीं. यशाची शक्यता, फायदे-तोटे, धोके व खर्च दांपत्यास समजावून सांगणें आणि लेखी संमति घेणें, हें २०२१ च्या कायद्यानें ह्या उपचारकेंद्रांचें कर्तव्यच ठरविलें आहे.

तीं दोघें हेच प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेलीं. डॉक्टरांनीं शांतपणें ऐकून चारांतील तीन बाबी स्वतःच खोडल्या. चौथीचें कारण नीट समजावून दिलें, आणि ती दोघांनीं विचारपूर्वक स्वीकारली. यश येईल कीं नाहीं, हें आज कोणीच सांगूं शकत नाहीं. पण बांगड्या अद्याप हातांत आहेत. आणि कदाचित् चौथी खेप करावी लागलीच, तर त्या तेव्हां उपयोगी पडतील.