हात राखून

आमच्या या पोरग्याच्या हाताला बँडेज गुंडाळायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. पंजाच तेवढा रुंद आहे. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या गाठींवरून, बोटांच्या बेचक्यांतून. वजन ९६ किलो. पुण्यातल्या आमच्या क्लबात संध्याकाळी पंचवीसेक मुलं येतात, त्यांत त्याच्या वजनाचा तो एकटाच.

हेवीवेटची खरी अडचण इथेच सुरू होते. ६० किलोच्या मुलाला स्पारिंगला रोज नवा जोडीदार मिळतो. याच्यासमोर उभा राहतो तो ७५ किलोचा. ग्लोव्ह १६ औंसांचे, डोक्याला हेडगार्ड, तरी मला आधीच सांगावं लागतं, "हात राखून." तो राखतो. डावा जॅब जातो, उजवा खांद्यातच थांबतो. एखादा सुटलाच आणि समोरचा गुडघ्यात वाकला, की हा दोन्ही हात खाली टाकून विचारतो, "सर, लागलं का त्याला?" त्याचा हा हळवेपणा मला फार आवडतो, आणि धास्तीही त्याचीच वाटते. उजव्याची ताकद टाचेतून येते. मागची टाच वळते, कंबर फिरते, खांदा पुढे जातो, मूठ सगळ्यात शेवटी. रोज हात राखला की टाच वळायचंच विसरते. बॅगवर त्याची टाच वळते. माणसासमोर वळत नाही.

स्पर्धेत बाकीची मुलं वजनकाट्याआधी पाणी बंद करतात, जर्किन घालून धावतात. हा सकाळी निवांत अंडी खातो, कारण सगळ्यात वरच्या गटाला वरची मर्यादाच नसते. पण ड्रॉमध्ये नावं तीन. गेल्या वर्षी एक पदक त्याला एकही ठोसा न मारता मिळालं. ते घरात कुठे ठेवलंय, त्याला विचारलं तर सांगत नाही.

क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णही वॉकओव्हरचं होतं. म्युनिक, १९७२. रुमानियाचा प्रतिस्पर्धी दुखापतीमुळे अंतिम लढतीला उतरलाच नाही. पण त्याआधी स्टीव्हन्सनने अमेरिकेच्या डुएन बॉबिकला तिसऱ्या फेरीत गारद केलं होतं. पुढे १९७६ आणि १९८०, आणखी दोन सुवर्णं. बॉबिक पैशाच्या लढतींकडे गेला. क्यूबाने मात्र १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्यावसायिक बॉक्सिंग बंद केलं होतं, त्यामुळे तिथले धिप्पाड बॉक्सर हौशी रिंगणातच राहिले. तोडीस तोड माणूस घरातच असणं ही केवढी श्रीमंती! स्टीव्हन्सनच्या जुन्या लढती मी पोरग्याला आवाज बंद करून दाखवतो. उजवा बघू नकोस, म्हणतो, डावा बघ. तो लांब डावा समोरच्याला अंतरावर धरून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात मागचा पाय जागा घेतो.

आता महिन्यातून एका रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही कोल्हापूरला जातो. तिथे १०० किलोचा एक गडी आहे, तालमीतून बॉक्सिंगकडे आलेला. तिथे मी "हात राखून" म्हणत नाही. पहिल्या दोन खेपांना पोरग्याने तरीही राखला. परवा दुसऱ्या फेरीत टाच वळली. गडी दोन पावलं मागे गेला, मान झटकली आणि पुन्हा आत आला. पोरग्याचे हात वरच होते.